पंधरा दिवसांची मोटर

लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालं आणि आमच्या सर्व्हिस मोटरींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसल्या, तेव्हापासून किश्श्यांना नुसता ऊत आलाय. भट्टी पेटवायची, पंखा फिरवायचा आणि इंजिनाला लागणारा गॅस तयार व्हायची वाट बघत बसायचं. तोवर पॅसेंजर बिड्या ओढणार, आम्ही ड्रायव्हर मंडळी निपाणीच्या स्टँडवर चहा पिणार आणि कुणीतरी म्हणणार, "परशुराम अण्णा, ते तुमच्या मिस्त्रींचं सांगा की!" एक सांगितला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. गॅस तयार होतो, किस्सा अर्धाच असतो, आणि मग पॅसेंजर आरडाओरडा करतात!

हल्ली रोज एखादा तरी गडी विचारायला येतो. फौजेला ड्रायव्हर हवेत, त्यामुळं सगळ्यांना घाई. "अण्णा, पंधरा दिसांत मोटर येती म्हणत्यात. पंधरा दिसांचं धरू का तीन म्हयन्याचं?"

मी सल्ला देत नाही. मी आमच्या बॅचची हकिगत सांगतो. ती ऐकून ज्यानं त्यानं आपलं ठरवावं.

पण आधी माझी अडचण सांगतो. मी येळ्ळूरचा, भातशेतीतला. मला सर्व्हिस मोटरीवर ड्रायव्हर व्हायचं होतं, अगदी वेड लागल्यासारखं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, मोटर या शब्दाचाच राग. उन्हाळ्यात रोज घरात वाद. शेवटी एक दिवस जेवता जेवता आप्पा म्हणाले, "पंधरा दीस देतो. लायसन घिऊन ये न्हाईतर सोळाव्या दिवशी धूळपेरणीला हुबा ऱ्हा. मग पुन्यांदा ह्या घरात मोटरीचं नाव काढायचं न्हाई." आप्पा एकदा बोलले की बोलले. मी त्याच दुपारी गोऱ्यांच्या छावणीत, कॅम्पात, चालत आलो.

*

कॅम्पातल्या मैदानाच्या कडेला इमामसाब मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. आधीच्या लढाईत मिस्त्री बसऱ्याला फौजेच्या मोटरी चालवून आलेले. मराठी बोलायचे, रागावले की हिंदुस्तानी. त्यांच्याकडं शिकायच्या दोन तऱ्हा होत्या. एक तीन महिन्यांची, रोज संध्याकाळी तासभर. दुसरी पंधरा दिवसांची, सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, मध्ये भाकरीपुरती सुट्टी.

कुणी कुठली घ्यायची हे मात्र मिस्त्री ठरवायचे. आलेल्या माणसाला एकच प्रश्न. "घाई कशाची?"

त्या दिवशी आम्ही चौघं रांगेत उभे. पहिले निपाणीचे भरमू अण्णा, तंबाखूचे व्यापारी. ते म्हणाले, "मोटर आधीच घिऊन बसलोय मिस्त्री. अंगणात हुबी हाय. आमच्या आक्का तिच्यावर मिरच्या वाळत घालत्यात!"

दुसरे खासबागचे मास्तर. ते म्हणाले, "शाळेची सुट्टी संपत आली. पंधराच दिवस उरलेत."

मी म्हणालो, "पेरणी."

चौथे एक वकील होते, कडक इस्त्रीचे. ते हसून म्हणाले, "मला तशी घाई काहीच नाही. पण लवकर झालेलं बरं, नाही का?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "घाई न्हाई त्याला लवकर कशाला पायजे? तीन म्हयने!"

वकीलसाहेब दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. त्यांनी टांगा घेतला असं ऐकलं.

*

पहिल्याच सकाळी मिस्त्रींनी मला चाकामागं बसवलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर सगळं तीनदा सांगितलं, माझ्याकडनं तीनदा म्हणवून घेतलं. मला तोंडपाठ झालं. मोटर निघाली, आणि काय सांगू, अंगावर काटा आला! मैदान नुसतं धावत सुटलं.

मैदानाच्या टोकाला धोब्यांच्या दोऱ्या होत्या. त्यावर गोऱ्या सोल्जरांचे कपडे वाळत घातलेले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "थांबव."

आणि मी थांबवली! म्हणजे मी चाक दोन्ही हातांनी छातीकडं ओढलं, पाठ मागं टाकली आणि जीव खाऊन ओरडलो, "हो! हो! होऽऽऽ!"

बारा वर्षं बैल हाकलेत हो. पाय कुठं असतात हेच डोक्यात नाही. मोटर तशीच दोऱ्यांतनं आरपार गेली आणि पलीकडच्या कुंपणाला टेकून बंद पडली. पुढच्या दिव्यावर एका सोल्जरची चड्डी फडफडत होती.

मिस्त्री खाली उतरले. चड्डी काढली, झटकली, नीट घडी घातली, आणि मला म्हणाले, "परशा, मोटरला कान नसतात रे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? माझाच पटका सोडून माझ्या तोंडाला करकचून बांधला! "आता थांबव," म्हणाले. मी ओरडायला गेलो, आवाज निघेना. जीव घाबरा झाला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. तीन दिवस मी तोंड बांधून मोटर चालवली. कॅम्पातली माणसं लांबनं बघून म्हणायची, "बिचाऱ्याची दाढ दुखतीय जणू."

*

मास्तरांचं वेगळंच. त्यांनी एक शंभर पानी वही घातली होती. मिस्त्री जे बोलतील ते लिहून घ्यायचे. मिस्त्री खोकले तरी पेन्सिल हलायची. चार दिवसांत त्यांना मोटर इतकी पाठ झाली की मिस्त्रींचं काही चुकलं तर तेच सुधारायचे. "काल आपण आधी न्यूट्रल म्हणाला होता."

मोटर चालवतानाही सगळं नियमानं. वळायचं असलं की उजवा हात बाहेर, सरळ, ताठ, पंजा उघडा. अगदी फर्लांगभर आधीपासून.

एकदा खासबागेतनं चाललो होतो. मास्तर चाकावर, मिस्त्री शेजारी, मी आणि अण्णा मागं. मास्तरांनी वळायला हात बाहेर काढला. समोरनं एक विणकर डोक्यावर सुताचं गाठोडं घेऊन येत होता. चांगला मिशावाला बाप्या, दोन लेकरांचा बाप असेल. त्यानं मास्तरांचा तो हात बघितला मात्र, गाठोडं टाकलं खाली आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही कान धरून उभा राहिला!

मास्तरांचा जुना विद्यार्थी होता तो. तो हात त्यानं शाळेत बराच खाल्ला असणार.

मास्तरांनी असा ब्रेक दाबला की अण्णा माझ्या मांडीवर आले. मोटर विणकराच्या पोटापासून दोन हातांवर थांबली. तो तसाच कान धरून म्हणाला, "मास्तर, ह्या खेपेला म्या काय बी केलं न्हाय!"

मास्तर लाजले. मिस्त्री मात्र खूष. म्हणाले, "मास्तर, ब्रेक एकदम फस्कलास लागला. पण दर खेपेला विद्यार्थी कुठनं आणायचा?"

*

भरमू अण्णांसारखा सज्जन माणूस मी बघितला नाही. जैन घरातले, मुंगीवरही पाय पडू द्यायचे नाहीत. आणि मोटर काय, पायापेक्षा मोठीच. दर थोड्या वेळानं थांबवायचे, खाली उतरून चाकापुढं वाकून बघायचे, काही वळवळत असलं तर पानावर घेऊन कडेला ठेवायचे, मग पुढं. आम्हाला आधी हसू यायचं. पुढं पुढं मीसुद्धा उतरून बघायला लागलो.

आठव्या दिवशी मिस्त्री म्हणाले, आज लांबची फेरी. निपाणीपर्यंत अण्णा चालवणार. अण्णांनी आग्रह केला, "समद्यांनी आमच्याकडंच जेवायचं. आक्कांना निरोप धाडलाय. कडबू कराय लावल्यात." पुरणाचे कडबू म्हटल्यावर मिस्त्रींच्या डोळ्यांत चमक आली. मी तर सकाळची भाकरीसुद्धा अर्धीच खाल्ली.

एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अण्णांच्या घरी दिवस मावळला की चूल बंद. पाहुणा आला तरी बंद.

वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत ठीक चाललं. पुढं संकेश्वरच्या अलीकडं मुंगळ्यांची रांग लागली. ही लांब! या शेतातनं त्या शेतात. अण्णा मोटर थांबवून बसले. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, सूर्य बघा." अण्णा म्हणाले, "बघतोय की. पर त्यास्नी बी घरला जायाचं असंल न्हवं?"

रांग संपली तेव्हा उन्हं कलली होती. तवंदीच्या घाटात एक घोरपड आडवी. ती काही हलेना. मास्तरांनी वही काढून बघितली, घोरपडीबद्दल त्यात काही नव्हतं.

निपाणीत पोचलो तेव्हा दिवस मावळून दिवेलागण झालेली. आक्का दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या. स्वयंपाकघरातला विस्तव विझलेला. कडबूचा वास मात्र अंगणभर दरवळत होता, तो काही विझला नव्हता!

आक्कांनी मोटरीकडं बघितलं, मग अण्णांकडं बघितलं. म्हणाल्या, "बैलगाडी हुती तवा तुमी येळंत याचासा!"

आमच्यासाठी त्यांनी शेजारच्या घरनं भाकरी-पिठलं मागवलं. वाढायला मात्र स्वतः उभ्या राहिल्या, आणि सकाळी निघताना तेच कडबू फडक्यात बांधून दिले. अण्णा त्या रात्री उपाशीच झोपले, पण चेहरा समाधानी. सकाळी मिस्त्रींना म्हणाले, "मला काय हे पंधरा दिसांचं झेपायचं न्हाई मिस्त्री. मला तीन म्हयन्यांतच घ्या. आनी गरज पडली तर आनखी तीन."

मिस्त्रींनी त्यांना मिठीच मारली.

*

दहाव्या दिवशी माझी फजिती झाली. फजिती कसली, रडायचीच वेळ. मोटर सुरू करायला पुढनं हँडल मारत होतो. अंगठा चुकीच्या बाजूला राहिला, हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर बसलं. संध्याकाळपर्यंत हात भोपळ्यासारखा.

मिस्त्रींनी हळद-तेल लावून पट्टी बांधली. शेजारी बसले. मग म्हणाले, "परशा, तुझा हात चांगला हाय रे. मोटर तुला येणार. तीन म्हयन्यांत नाव घाल. तू लई चांगला ड्रायव्हर होशील."

मी म्हणालो, "तीन म्हयन्यानं भात पोटरीला येतंय मिस्त्री. मी मोटरीत न्हाई, भातात असंन. आप्पांनी पंधरा म्हनल्यात."

"बापाला सांग, हात मोडलाय."

"आप्पा म्हणतील, पेरायला डावा चालतोय."

मिस्त्री हसले. मला वाटलं संपलं सगळं. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

सकाळी मिस्त्रींनी मास्तरांना बोलावलं. "मास्तर, तुमचे हात चांगले, पाय गोंधळलेले. ह्याचे पाय चांगले, हात गेलेला. बसा दोघं!"

आणि काय! मी चाकामागं, हात मांडीवर. मास्तर माझ्या डाव्या बाजूला, आडवे होऊन चाक धरलेले. मी पाय चालवणार, ते हात. मास्तरांना वर्गात असल्यासारखंच वाटायला लागलं. "परशुराम, क्लच! परशुराम, लक्ष कुठं आहे? ब्रेक!" मी म्हणायचो, "मास्तर, झाड!" ते म्हणायचे, "दिसलं मला, तू तुझं बघ!"

तीन दिवस मैदानात असं चाललं. एकदा एक गोरा सार्जंट उभा राहून बघत होता. त्यानं मिस्त्रींना विचारलं, एका मोटरीला दोन ड्रायव्हर का?

मिस्त्रींनी सलाम ठोकला. "दोन नाही साहेब. अर्धा आणि अर्धा."

पण मिस्त्रींची हिकमत अशी की चौथ्या दिवशी पट्टी सुटली आणि मी एकटा बसलो, तेव्हा पायांकडं लक्षच द्यावं लागलं नाही. ते आपले आपण चालत होते. मास्तरांचं काय झालं? परीक्षेला लायसनच्या साहेबांनी जे जे तोंडी विचारलं त्याची त्यांनी खाडखाड उत्तरं दिली. साहेब खूष. मग साहेब म्हणाले, "आता चालवून दाखवा." मास्तर म्हणाले, "त्याला पुढची सुट्टी लागेल!"

*

आता माझ्या परीक्षेचं. हे मी शेवटी सांगतो, कारण हे सांगितल्यावर मला दुसरं काही सांगवत नाही.

पंधरावा दिवस. लायसन द्यायला आलेले साहेब आपल्याकडचेच, पण डोक्यावर टोपी चढली की पुस्तकी मराठी बोलायचे. ते माझ्या शेजारी, हातात कागद-पेन्सिल. मिस्त्री मागं, तोंडानं अल्लाचं नाव. जाताना खानापूर रस्त्यानं गेलो. चढ, उतार, वळण, मागं घेणं, सगळं बिनचूक झालं. प्रत्येक वेळी साहेब कागदावर एक खूण करायचे. येताना म्हणाले, "आता आडरस्त्यानं येळ्ळूरवरून घे." रस्ता मोटर जेमतेम मावेल एवढाच. तोही निभावला. येळ्ळूर मागं पडलं. माझ्या मनात तर मी निपाणीच्या स्टँडवर पोचलोसुद्धा!

वडगावच्या अलीकडं रस्त्याच्या मधोमध एक बैलगाडी चालली होती. साहेब म्हणाले, "एवढंच राहिलं. भोंगा वाजव आणि त्या गाडीच्या पुढं काढून दाखव. मग तू मोकळा."

मी नीट बघितलं. तांबडा पटका. डाव्या अंगाला आमचा हरण्या, एक शिंग वाकडं. आप्पा मला न्यायला निघाले होते. पंधरा म्हणजे पंधरा.

मी मोटर पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि गाडीच्या मागं मागं चालत राहिलो.

"काढ की पुढं!"

"साहेब, त्येवढं सोडून काय बी सांगा."

"का?"

"आमचे आप्पा हायत. आमच्यात बापाच्या गाडीम्होरं गाडी काढत न्हाईत."

आणि खरंच काढत नाहीत. जत्रेला चाळीस गाड्या निघू देत, मागच्याचे बैल कितीही उधळू देत, थोरल्याची गाडी पुढं ती पुढंच. त्यातनं भोंगा! म्हणजे मागनं बापाला म्हणायचं, सर बाजूला! माझा हात जाईना.

साहेब वैतागले. "अरे, ही बैलगाडी नाही, मोटर आहे!"

"व्हय साहेब. पर बाप त्योच हाय न्हवं?"

मिस्त्री मागनं हिंदुस्तानीत सुरू झाले. साहेबांनी पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवलं. "मग नापास लिहू?"

पंधरा दिवस डोळ्यांपुढनं गेले. "लिवा," म्हणालो, आणि रस्ता पुसट दिसायला लागला.

साहेबांनी लिहिलं मात्र नाही. बघत राहिले. असे आम्ही बैलांच्या चालीनं अर्धा फर्लांग गेलो. आप्पा मागं वळून बघणाऱ्यांतले नव्हेत. पण इंजिन तापलं, रेडिएटर फुसफुसायला लागला, वाफेचा लोट उठला, तसे बैलांनी कान टवकारले. आप्पांनी मान वळवली.

वाफ बघितली. साहेबांची टोपी बघितली, पेन्सिल बघितली. मग माझ्याकडं बघितलं. किती वेळ कोण जाणे.

त्यांनी कासरा ओढला आणि गाडी रस्त्याखाली बांधाला घेतली. उडी मारून उतरले. बैलांच्या पुढं गेले आणि दोघांच्या वेसणी मुठीत घट्ट धरून उभे राहिले. रस्ता मोकळा झाला.

तरी माझ्यानं पुढं जाववेना. मोटर तिथंच धडधडत उभी.

आप्पा ओरडले, "बघत काय बसलाईस? भोंगा वाजव की रं! बैलांस्नी सवय व्हाया नगो?"